मुक्कामी एसटीच्या शेजारी

गाडी ईको. पाच सीटची, पेट्रोलवर चालणारी, घरातलीच. नाशिकच्या उत्तर-पश्चिमेचा डोंगर, म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवण आणि बागलाणचा टोकाचा भाग, हा तिच्यातच राहून, तिच्यातच झोपून, एकटीनं फिरायचा असं मी ठरवलं. लोक गाड्या घेऊन लडाखला जातात, स्पितीला जातात. मला मात्र घराच्या गच्चीवरून थंडीतल्या स्वच्छ सकाळी जी डोंगरांची रांग दिसते, तिच्या पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. सप्तशृंगीला आम्ही लहानपणापासून जातो, सापुताऱ्यालाही जातो. पण त्या दोन्हींच्या मधला आणि मागचा मुलूख आम्ही फक्त खिडकीतून बघितलेला. तिथं रात्री थांबायचं कारणच कधी पडलं नाही.

आधी गाडीचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच विचारले जातात. आपल्याकडे गाडीत वाटेल ते बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे आणि कंपनीनं जशी गाडी बनवली आणि आरसी बुकात जशी तिची नोंद आहे, तिच्यात मूळ फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये स्पष्ट केलंय. छप्पर कापून उंच करणं, कायमचं फर्निचर ठोकणं, हे मनातूनच काढून टाकलं. जे करायचं ते उचलून बाहेर काढता येईल असं. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चौकोनी पाइपची हलकी चौकट करून घेतली, तिच्यावर प्लायवूडच्या तीन फळ्या. दिवसा फळ्या एकावर एक, मागचं सीट मोकळं. रात्री सीट दुमडून फळ्या पसरल्या की बिछाना. चौकटीला एकही बोल्ट गाडीच्या पत्र्यात गेलेला नाही, पट्ट्यांनी आवळलेली आहे. पडदे, मॅटिंग, खिडक्यांना लोहचुंबकावर बसणाऱ्या मच्छरजाळ्या हे सगळं नाशिकच्या शिंगाडा तलावावर, गाडीच्या सामानाच्या दुकानांत मिळालं.

विजेसाठी वेगळी बॅटरी घेतली, लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. म्हणजे साधारण १२०० वॉट-तास. पाच वॉटचा दिवा, छोटा पंखा, फोन आणि टॉर्च एवढ्याला ती तीन-चार दिवस आरामात पुरते, आणि गाडी चालू असताना चार्ज होत राहते. हिच्यात महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे गाडी बंद असताना ही बॅटरी आणि इंजिन चालू करणारी बॅटरी एकमेकींपासून तोडलेल्या हव्यात. रात्रभर दिवा जाळून सकाळी सेल्फ लागला नाही, असं डोंगरात होऊन चालत नाही. इलेक्ट्रिशियनला मी हे तीनदा सांगितलं आणि त्यानं ते मनावर घेऊन केलं.

स्वयंपाक मात्र गाडीबाहेरच. बंद गाडीत गॅस पेटवायचा नाही, शेगडी तर नाहीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि संडासाचंही सांगते, कारण एकट्या बाईला सगळ्यात आधी तोच विचार करावा लागतो आणि लिहिताना मात्र सगळे तो गाळतात. झाकणाची बादली, भुसा, मजबूत पिशव्या आणि एक छोटं खुरपं. पाण्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा आणि वरून माती. एरवी आश्रमशाळा, ग्रामपंचायत, नाहीतर एखाद्या घरी विचारायचं. नाही म्हणणारं मला कुणी भेटलं नाही.

मार्गशीर्षात निघाले. पाऊस संपून रस्ते वाळलेले, नागली-वरईची कापणी उरकलेली, झऱ्यांना अजून पाणी. पेठ रोडनं नाशिक मागं पडलं की सावळघाट लागतो आणि तिथून पुढे चढ-उतार संपत नाहीत. भरलेल्या गाडीला चढाची चिंता कमी. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळं मागं वजन असलं की चाकं उलट घट्ट धरतात. खरी परीक्षा उतारावर असते. जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून लांब उतार उतरलं की ब्रेक तापतात, त्यातलं ऑइल उकळायला लागतं आणि पेडल मऊ पडतं. मी दुसऱ्या गिअरला टाकायचे, इंजिनला गाडी धरू द्यायचे, मागच्याला हात दाखवून पुढे काढायचे. घाई कशाची नव्हतीच.

पहिल्या दिवशी दुपारी पेठहून आतल्या रस्त्यानं बाऱ्ह्याकडे जाताना मला हवा तसा माळ दिसला. रस्त्यापासून थोडा आत, सपाट, पिवळ्या गवताचा, एका कडेला दरी आणि समोर डोंगरांच्या रांगांमागे रांगा. चिटपाखरू नव्हतं. गाडी आत घेतली, दार उघडलं, चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायच्या आत एक म्हातारेबुवा गाई घेऊन माझ्यापुढे उभे. कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही.

"इथं कोण थांबायला लावलं?"

मी सांगितलं, कुणी नाही, जागा मोकळी दिसली म्हणून थांबले. त्यांनी काठीनं माळ दाखवला. त्या तिथं उंबराखाली त्यांच्या पाड्याचा वाघदेव. ह्या अंगाला गवत राखलेलं आहे, होळीपर्यंत कुणी कापत नाही. गाडी उभी होती तिथून रात्री रानडुकरं उतरतात, त्यांच्यामागे कधी बिबट्या येतो. "झोपायला ही जागा नाही बाई. पाड्यावर चल."

मी एकांत शोधत होते तो माळ असा निघाला. त्याला राखणारा माणूस होता, देव होता, नियम होते आणि त्या नियमांना कारणं होती. पुढे सगळ्या वाटेवर हेच दिसत गेलं. सह्याद्रीच्या ह्या भागात नकाशावर जे हिरवं आणि रिकामं दिसतं, त्यातलं बरंचसं कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांच्या पाड्यांनी वाटून घेतलेलं, नाव दिलेलं आणि जपलेलं आहे. तेव्हापासून माझ्या प्रवासातलं मुख्य काम गाडी चालवणं राहिलं नाही, विचारणं हे झालं. उन्हं कलायच्या आत गावात पोचायचं, पोलीस पाटील किंवा सरपंचांचं घर विचारायचं, कोण, कुठली, कशाला आले ते नीट सांगायचं, आणि ते दाखवतील तिथंच गाडी लावायची.

त्या पहिल्या संध्याकाळी बुवांनी मला नेलं ते मुक्कामी एसटीजवळ. शहरातल्या माणसाला ही गोष्ट आता आठवतही नसेल. डोंगरातल्या कितीतरी गावांत शेवटची एसटी रात्री तिथंच थांबते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची पोरं, दूध, दवाखान्याचे पेशंट घेऊन तालुक्याला निघते. चालकानं माझी गाडी बघितली, आतला बिछाना बघितला, मान हलवली. "ताई, इकडं भिंतीकडं लावा. साडेपाचला मला वळवायला जागा लागते. आणि तोंड रस्त्याकडं करून लावा, रात्री कधी निघायचं झालं तर."

हे दोन नियम मी कायमचे घेतले. गाडीचं तोंड नेहमी बाहेरच्या वाटेकडं. आणि जिथं मुक्कामी एसटी जाते तिथं आपली गाडी जाते. फोनवरचा नकाशा ज्याला रस्ता म्हणतो, तो कधीकधी बैलगाडीची वाट असतो, कधी पावसानं वाहून गेलेली फरशी असते. एसटीचा चालक जे सांगतो ते आदल्या दिवशीचं असतं. ह्यात मी स्वतःचे दोन घातले: कोरड्या ओहोळाच्या पात्रात गाडी लावायची नाही, आणि कड्याच्या पायथ्याशी जिथं ताजे, धारदार दगड पडलेले असतील तिथंही नाही. मळलेला, शेवाळलेला दगड जुना असतो, ताज्या तुटीचा दगड वरून काय चाललंय ते सांगतो.

रात्री पाड्यावरच्या बायका गाडी बघायला आल्या. एका आजीनं फळीवर हात फिरवून गादीची जाडी तपासली. "एकली का आली गं? घरचं कुणी नाही?" घरचे आहेत, त्यांना विचारून आलेय, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. एकटं राहणं ही त्यांच्या दृष्टीनं संकटाची गोष्ट, ती कुणी हौसेनं का करेल? मला भीती वाटत नाही का, हे त्यांनी विचारलं नाही. जेवले का, हे विचारलं. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलंवजा भुजं आणि खुरासणीची चटणी आली. भाकरी काळपट, जाड, चुलीवरून थेट, आणि तिच्यावर थापणाऱ्या बोटांचे ठसे तसेच.

झोपायच्या आधी बहिणीला निरोप. आमचं ठरलं होतं, रात्री आठ ते नऊच्या दरम्यान मेसेज, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काहीच नाही आलं तर तिनं जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करायचा. रेंज नसेल अशी गावं तिला आधीच लिहून दिली होती. एकटीनं जाणाऱ्या कुणालाही मी हे सांगेन. बेत घरी कागदावर ठेवून जा.

पहाटे थंडीनं जाग आली. निफाडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते, पण ह्या डोंगरातली थंडी वेगळी, दरीतून वर चढत येणारी. काचांवरून आतून पाणी ओघळत होतं, छताच्या पत्र्याला थेंब लागले होते. बंद गाडीत एक माणूस रात्रभरात श्वासातून ग्लासभर तरी पाणी सोडतं, आणि ते थंड पत्र्यावर जमतं. खिडक्या दोन्ही बाजूंनी बोटभर उघड्या ठेवल्या, हवा आरपार खेळली, की ते निम्म्यानं कमी होतं. पांघरूण एक जास्त घ्यायचं, पण खिडकी बंद करायची नाही. पुढच्या रात्रीपासून तसंच केलं.

सुरगाण्याच्या अलीकडे वनविभागाच्या माणसांनी गाडी थांबवली. पडदे लावलेली बंद व्हॅन, संध्याकाळची वेळ आणि गुजरातची हद्द जवळ. ह्या पट्ट्यातून खैराची आणि सागाची लाकडं चोरून नेतात, ते अशाच गाड्यांतून. "मॅडम, मागं काय आहे?" मी मागचं दार उघडून दिलं. तरुण वनरक्षकानं फळ्या उचलून खाली बघितलं, टॉर्च मारला, पाण्याचा कॅन हलवून बघितला. मग वरिष्ठांकडे वळून म्हणाला, "साहेब, घर आहे." त्यांनी आधार कार्ड बघितलं आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही हे समजावून सांगितलं. मला त्यांची झडती अजिबात खटकली नाही. उभा खैर एका रात्रीत कापून जातो आणि परत वाढायला वर्षं लागतात. त्या काळोखात दोन-तीन माणसं आणि एक टॉर्च, एवढ्यावर ती राखण चाललेली असते.

ह्या भागात पाण्याची गोष्ट सतत डोळ्यांसमोर राहते. केमचा डोंगर दिसतो, तिथून गिरणा निघते आणि पूर्वेला कळवण, मालेगाव करत जळगावकडे तापीला मिळते. डोंगराच्या पश्चिमेच्या उतारांवरचं पाणी नार-पारमधून गुजरातेत आणि समुद्रात. एकाच कण्याच्या दोन बाजू. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्यात धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांत बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. उतार तीव्र, खाली काळा कातळ, पाणी थांबतच नाही. माझा वीस लिटरचा कॅन भरायला मी एका हातपंपावर गेले तेव्हा रांगेतल्या मुलीनं स्वतःचा हंडा बाजूला करून मला पुढे घेतलं. मी नको म्हणून मागं उभी राहिले, अर्धाच कॅन भरला. गाडीत राहणाऱ्यानं हे धरूनच चालावं, की आपण जे पाणी भरतो ते कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातून कमी होतं. आंघोळ मग मोठ्या गावात, नाहीतर नाही.

बोरगाव-हातगडला रस्त्याच्या कडेनं स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बायका दिसायला लागल्या, हंगामाची नुकती सुरुवात. तिथून कनाशी-अभोणा. चणकापूरच्या धरणाशी दुपार काढली, कपडे वाळवले, बस्स. कळवण तालुक्यातल्या एका गावात, परत एसटीच्या शेजारी, झोपायच्या तयारीत असताना दूरवरून पावरी, म्हणजे इकडचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकू आली. डोंगरदेवाचा उत्सव सुरू होता. मार्गशीर्षात व्रत धरलेली मंडळी घरापासून वेगळी राहतात, नेम पाळतात, नाचतात आणि पौर्णिमेला डोंगरावरच्या देवाच्या ठिकाणी जातात. ह्या व्रत धरणाऱ्यांना माऊली म्हणतात. वाहकानं सांगितलं, बघायला चला, पण चपला इथंच ठेवा आणि फोन काढू नका. मी लांब उभी राहून बघितलं. पावरीवाला मधोमध, त्याच्याभोवती एकमेकांना धरून फेर, पावलं एकदम पडायची. तास गेला की दोन, कळलं नाही. एकही फोटो नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पुढे डांगसौंदाणे, ताहाराबाद, मुल्हेर. मांगीतुंगीचे सुळके उजवीकडे राहतात, मुल्हेर-मोरा-हरगड समोर येतात. बागलाणच्या राजांची ही राजधानी. आणि तिथून आत वाघांब्याला, साल्हेरच्या पायथ्याशी. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि कळसूबाईनंतरचं दुसरं उंच शिखर. ह्याच्याच पायथ्याला १६७२मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं, सूर्याजी काकडे तिथं पडले. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत हा आहे.

वाघांब्याच्या बाजूनं चढ साल्हेर आणि सालोट्याच्या खिंडीत नेतो. गाडी एका घराच्या अंगणात ठेवली आणि त्या घरचा मुलगा वाटाड्या म्हणून घेतला. किल्ल्यावर एकटीनं जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. रस्त्यावरचं एकटेपण वेगळं, सुटलेल्या मुरमावरच्या आडव्या वाटेवरचं वेगळं. खिंडीपासून कातळात कोरलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कातळातल्या गुहांची ओळ, मग गंगासागर तलाव. सगळ्यात वर परशुरामाचं छोटं देऊळ. इथूनच त्यानं बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वसवलं, असं मानतात. वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली, अगदी ठिपक्याएवढी, अंगणात माझी पांढरी गाडी.

उतरून आले तर त्या घरच्या आजी गाडीशी उभ्या. त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं आणि सटाण्याला दवाखान्यात जायचं होतं. सकाळची एसटी सुटली होती, सूनबाई विचारायला संकोचत होती. मी फळ्या पसरल्या. आजींना वळणांवर मळमळतं म्हणून त्या गादीवर आडव्या झाल्या आणि सून माझ्या शेजारी. मुल्हेर मागं टाकेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग मागून आवाज आला, "ही गाडी बाळंतिणीला बरी गं."

सून मान वळवून हसली आणि मग सांगायला लागली. तिच्या जावेला पावसाळ्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा जीपच्या मागच्या बाकावर दोघींनी तिला धरून ठेवलं होतं, सटाण्यापर्यंत. रुग्णवाहिका निघाली होती, पण रस्त्यावर पाणी होतं. पोर सुखरूप आहे, दोन वर्षांचं झालं. आजींनी मागूनच गाडीला काय खर्च आला ते विचारलं. मी फळ्यांचे, चौकटीचे, गादीचे वेगवेगळे सांगितले. बॅटरी सोडून चौकट आणि गादीचे किती, ते त्यांनी सुनेकडून परत म्हणवून घेतलं. त्यांच्या भावकीत एकाकडे अशीच व्हॅन होती, भाजीपाल्याची. चौकट कुणी करून दिली, त्याचा फोन नंबर मी सुनेच्या फोनमध्ये घातला, आणि मापं ताहाराबादला चहाला थांबलो तेव्हा कागदावर काढून दिली.

दवाखान्यात सून केसपेपर काढायला गेली, मी आजींजवळ बसले. रांग मोठी होती, दुपारचे दोन वाजणार हे दिसतच होतं, आणि वाघांब्याकडची पुढची गाडी त्यानंतर बऱ्याच उशिरा. मी नाशिकला निघणार होते. बहिणीला फोन करून एक मुक्काम वाढवलाय म्हणून सांगितलं, पेट्रोल भरून घेतलं, आणि आजींचा नंबर आला तशी त्यांचा हात धरून आत गेले.